लायका कॅमेरा आणि त्याचे धनी

जर्मनींतील हेस प्रांतांत लान नदीच्या कांठीं वेट्झलार नांवाचें एक लहानसें जुनें शहर आहे. १७७२ सालीं तरुण गटे कायद्याच्या कामासाठीं कांहीं महिने येथें येऊन राहिला होता, आणि येथील एका विफल प्रेमांतून पुढें त्याची वेर्थरची कादंबरी जन्मास आली. साहित्याच्या वाचकांस या गांवाची ओळख बहुधा एवढीच. परंतु विसाव्या शतकांत वेट्झलारचें नांव जगभर गेलें तें अगदीं निराळ्या कारणानें. तेथील अर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शक यंत्रांच्या कारखान्यांत, कोटाच्या खिशांत मावेल असा एक कॅमेरा तयार झाला. त्याचें नांव लायका. आकारानें लहान, किंमतीनें भारी, आणि तरीही रोज उठून जवळ बाळगण्यासाठीं केलेला, असा कॅमेरा कोणी विकत घेईल हें त्या काळच्या जाणत्या दुकानदारांस मुळींच पटण्यासारखें नव्हतें.

त्यांच्या शंकेस आधार होता. चांगला कॅमेरा म्हणजे लांकडी पेटी, चामड्याचा भाता, तिपाई, काळें कापड आणि कांचेच्या वजनदार प्लेटा, हें समीकरण लोकांच्या मनांत पक्कें बसलें होतें. लहान कॅमेरे नव्हते असें नाहीं. अमेरिकेंत ईस्टमनने १८८८ सालीं शंभर चित्रांची फिल्म भरलेला आपला पहिला कोडॅक पंचवीस डॉलरला विकावयास काढला होता, आणि १९०० सालीं तर ‘ब्राउनी’ नांवाची पुठ्ठ्याची पेटी अवघ्या एका डॉलरला मिळूं लागली. पण हा स्वस्त कॅमेरा मुलांच्या वाढदिवसाला पुरे होई. त्याहून अधिक कांहीं त्याच्याकडून मागणें व्यर्थ. ज्याला उत्तम चित्र हवें त्यानें सामान वाहावयास हमाल करावा, आणि ज्याला हमाल परवडत नाहीं त्यानें ब्राउनीवर समाधान मानावें, अशी एकंदर स्थिति होती.

या स्थितीचा त्रास ज्याच्या छातीला झाला तो माणूस म्हणजे ऑस्कर बार्नाक. छातीला हा शब्द येथें अक्षरशः घ्यावयाचा. १८७९ सालीं ब्रांडेनबुर्गमधील एका खेड्यांत जन्मलेला हा यंत्रकारागीर येना येथें झाइसच्या कारखान्यांत नोकरीस होता. त्याला दमा होता, आणि रानावनांत भटकून छायाचित्रें घेण्याची हौसही होती. तेरा गुणिलें अठरा सेंटिमीटर प्लेटांचा कॅमेरा आणि त्याचें लटांबर पाठीवर घेऊन थुरिंगियाच्या टेकड्या चढतांना त्याला धाप लागे. तेव्हां त्यानें एक युक्ति करून पाहिली. एकाच प्लेटवर पंधरा-वीस लहान लहान चित्रें घ्यावयाचीं आणि मागाहून तीं मोठीं करावयाचीं. चित्रें मोठीं झालीं, परंतु प्लेटवरील रसायनाचे कणही त्यांबरोबर मोठे झाले, आणि सारें चित्र वाळूंतून पाहिल्यासारखें दिसूं लागलें. प्रयोग फसला, पण लहान निगेटिव्हवरून मोठी प्रत करण्याची कल्पना त्याच्या डोक्यांतून गेली नाहीं.

१९११ सालीं बार्नाक वेट्झलारला लाइट्झच्या कारखान्यांत आला. त्याच्याकडे प्रायोगिक विभागाचें काम होतें, आणि त्यांत चलच्चित्रांच्या यंत्रावरही त्याचे प्रयोग चालत. तेथें त्याला पस्तीस मिलिमीटर रुंदीची सिनेमाची फिल्म हातीं मिळाली. तिच्यावरील एकेक चित्र अठरा गुणिलें चोवीस मिलिमीटरचें असे. बार्नाकने फिल्म उभी न सरकवितां आडवी सरकविली आणि दोन चित्रांची जागा एका चित्रास दिली. चोवीस गुणिलें छत्तीस! हें माप पुढें साऱ्या जगानें उचललें, आणि फिल्मऐवजीं विजेच्या पटलावर चित्रें उमटूं लागलीं तरी ‘पूर्ण चौकट’ म्हणून तेंच माप ओळखलें जात आहे. एका फिल्मवर छत्तीस चित्रें कां, याविषयीं मात्र अशी दंतकथा आहे कीं बार्नाकने दोन्ही हात पसरून फिल्म मोजली आणि जेवढी मावली तेवढी कापली. असेलही, कारागिरांच्या पुष्कळशा मोजमापांचा उगम असाच हातापायांत असतो.

पहिला नमुना १९१४ च्या सुमारास सिद्ध झाला. त्याच उन्हाळ्यांत महायुद्ध पेटलें आणि कॅमेऱ्याचें उत्पादन बाजूस पडलें. पण बार्नाकने आपला नमुना कपाटांत ठेवला नाहीं. वेट्झलारच्या आयझेनमार्क्ट या चौकांतील लांकडी चौकटींचीं जुनीं घरें त्यानें टिपलीं. सैन्यभरतीचा हुकूम भिंतीवर लागला तो दिवस टिपला. १९२० सालीं लान नदीला पूर येऊन रस्ते पाण्याखालीं गेले, तेव्हां तेंही त्यानें टिपलें. यांतील एकही चित्र कोणी ठरवून, वेळ नेमून, तिपाई रोंवून घेतलेलें नव्हतें. गांवचा एक रहिवासी कामावरून येतां-जातां जें पाहतो तें त्यांत आहे. लायकाच्या पुढील सर्व इतिहासाचें बीज या चित्रांत आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. कारण येथें यंत्राचा निर्माता हाच त्याचा पहिला धनी होता आणि यंत्र सदैव त्याच्या अंगावर होतें.

युद्ध संपलें, पण जर्मनीचे हाल संपले नाहींत. १९२३ च्या नोव्हेंबरांत एका डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क मोजावे लागत होते. नोटा पोत्यांनीं न्याव्या आणि भाकरी हातांतून आणावी अशा त्या दिवसांत लाइट्झ कारखान्यापुढें मोठा प्रश्न होता. सूक्ष्मदर्शकांची मागणी बेभरंवशाची. आणि कसबी कामगार एकदां घरीं पाठविले कीं पुन्हां मिळावयाचे नाहींत. थोरले लाइट्झ १९२० सालीं वारले होते आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, धाकट्या अर्न्स्ट लाइट्झकडे, आला होता. १९२३ सालीं बार्नाकच्या कॅमेऱ्याचे वीस-पंचवीस नमुने हातानें तयार करून जाणकारांस वापरावयास दिले गेले. त्यांचे अभिप्राय एकसारखे आले नाहींत. कोणास तें नाजुक खेळणें वाटलें. कोणी म्हणाले, एवढ्याशा निगेटिव्हवरून काय मोठेंसें दिसणार? शिवाय नमुन्यांच्या शटरमध्यें एक उणीव होती: फिल्म पुढें सरकवितांना भिंगावर टोपण घालावें लागे, नाहींतर प्रकाश आंत शिरे. टोपण घालावयास विसरला नाहीं असा मनुष्य विरळा.

१९२४ च्या जून महिन्यांत कारखान्यांत बैठक बसली. तासन्‌तास चर्चा झाली आणि बहुतेक बोलणें विरोधाचें झालें. सूक्ष्मदर्शक करणाऱ्यानें कॅमेऱ्याच्या बाजारांत कां शिरावें, नव्या मापाच्या कॅमेऱ्याला लागणारें मोठें करण्याचें यंत्र, टांकी, डबी हें सारें कोण घेणार, हे प्रश्न हिशेबी होते आणि त्यांना हिशेबी उत्तर नव्हतें. शेवटीं लाइट्झनें चर्चा थांबविली आणि धोका पत्करण्याचा आपला निर्णय सांगितला. व्यापाराच्या इतिहासांत असे निर्णय बुडाल्यावर मूर्खपणा ठरतात आणि तरल्यावर दूरदृष्टि. येथें मात्र एवढें नमूद करावयास हवें कीं त्या निर्णयामागें नफ्याइतकीच कामगारांच्या हातांना काम देण्याची चिंता होती.

१९२५ च्या वसंतांत लाइप्झिगच्या जत्रेंत ‘लायका’ लोकांपुढें मांडला गेला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांचीं पहिलीं अक्षरें जोडून हें नांव केलेलें. टोपणाची उणीव दूर झाली होती. एक कळ फिरविली कीं फिल्म एक चित्र पुढें सरके आणि त्याच फिरविण्यांत कापडी शटरही चढे, त्यामुळें एकावर एक दोन चित्रें उमटण्याची भीति उरली नाहीं. प्रकाश आंत घेण्याचा काळ एका सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत आणतां येई. माक्स बेरेक या गणितज्ञानें खास या लहान चौकटीसाठीं भिंग योजिलें होतें, आणि खरें सांगावयाचें तर लायकाच्या किंमतीचा मोठा भाग या भिंगांत आणि तें बसविण्याच्या काटेकोरपणांत होता. निगेटिव्ह लहान म्हणजे चूकही मोठी होऊन दिसणार. सूक्ष्मदर्शक करणाऱ्या हातांचीच ती कामगिरी. पहिल्या वर्षीं हजाराच्या आंतच कॅमेरे बाहेर पडले.

ज्यांनीं ते विकत घेतले त्यांचे अनुभव काय होते? प्रथम तक्रारी. फिल्म भरावयाची ती कॅमेऱ्याच्या तळांतून. तिचें टोंक विशिष्ट आकारांत कापून घ्यावें लागे, आणि तें नीट कापलें नाहीं तर फिल्म आंत अडके. भिंग नळीसारखें आंत ढकलून बंद करतां येई, म्हणून तर कॅमेरा खिशांत मावे. पण घाईघाईनें चित्र घेतांना तें बाहेर ओढावयाचें राहून गेलें कीं छत्तीस चित्रांपैकीं बरीचशीं धुक्यांत विरून जात. पाहावयाची खिडकी भिंगाहून वेगळी असल्यामुळें ही चूक चित्र घेतांना कळतही नसे. अंतर आरंभीं अंदाजानें ठरवावें लागे. जोडीला अंतरमापकाचें लहान उपकरण मिळे, परंतु तें कॅमेऱ्याच्या आंतच भिंगाशीं जोडलेलें आलें तें १९३२ सालीं. भिंगें बदलण्याची सोयही १९३० पर्यंत नव्हती. म्हणजे एवढे पैसे मोजूनही धन्याला आपले डोळे, हात आणि स्मरणशक्ति हीं पणास लावावींच लागत.

सर्वांत मोठी तक्रार कणांची होती, आणि तिचें निवारण कारखान्यानें केलें नाहीं; तें एका गिऱ्हाइकानें केलें. डॉ. पाउल वोल्फ हा मूळचा अल्सास प्रांतांतील वैद्य. युद्धानंतर तो प्रांत फ्रान्सकडे गेला आणि वोल्फला फ्रँकफुर्टला येऊन नव्यानें पोट भरावें लागलें. वैद्यकी सुटली, छायाचित्रण हाच व्यवसाय झाला. १९२६ सालीं तेथील प्रदर्शनांत त्याला बक्षीस म्हणून लायका मिळाला. आरंभीं त्यालाही मोठ्या प्रतींवर कणांचाच त्रास झाला. पण त्यानें यंत्राला दोष देऊन तें बाजूस टाकलें नाहीं. फिल्मला प्रकाश सढळ द्यावा आणि रसायनांत ती थोडाच वेळ ठेवावी, म्हणजे कण बारीक राहतात, ही रीत त्यानें वर्षानुवर्षें पारखून बसविली. १९३४ सालीं त्याचें पुस्तक निघालें. त्याच्या नांवाचा अर्थच मुळीं ‘लायकाचे माझे अनुभव’ असा. विकत घेणाऱ्यांचीं भीति जाहिरातींनीं गेली नव्हती ती या पुस्तकानें आणि वोल्फच्या मोठमोठ्या प्रतींच्या प्रदर्शनांनीं गेली. चुलीपुढचा मनुष्य जेव्हां पाककृति सांगतो तेव्हां भांड्याच्या कारखानदारापेक्षां त्याच्यावर अधिक विश्वास बसतो, तशांतला हा प्रकार.

इतर धन्यांनीं त्याच यंत्रांत निरनिराळ्या गोष्टी शोधल्या. हंगेरींतून पॅरिसला आलेल्या आंद्रे केर्तेशनें १९२८ सालीं लायका घेतला. मॉस्कोंत अलेक्झांडर रॉदचेंकोनेंही त्याच सालीं. तिपाईच्या जाचांतून सुटलेल्या रॉदचेंकोनें गच्चीवरून खालीं आणि फुटपाथवरून वर अशा कोनांतून चित्रें घेण्याचा सपाटा लावला. फ्रँकफुर्टची इल्झे बिंग ही कलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी. प्रबंधासाठीं चित्रें हवीं म्हणून तिनें कॅमेरा हातीं धरला, १९२९ सालीं लायका घेतला, आणि प्रबंध सोडून ती पॅरिसला गेली ती छायाचित्रकार म्हणूनच. तिला तेथें ‘लायकाची राणी’ म्हणत. रात्रीचे रस्ते, ओल्या फरसबंदीवरील दिवे, नर्तकींचे उडते घोळ, जें जें मोठ्या कॅमेऱ्यास दुर्घट तें तें तिनें या लहान डबींत धरलें.

मग प्रश्न किंमतीचा. जपानांत १९३० नंतरच्या वर्षांत बँकेंत लागलेल्या पदवीधराचा महिन्याचा पगार सत्तर येनच्या आसपास असे, आणि चांगल्या भिंगासह लायका चारशें वीस येनला पडे. म्हणजे खाणेंपिणें सोडून सहा महिन्यांची कमाई! गोरो योशिदा नांवाच्या एका तरुणानें हा कॅमेरा उघडून त्याचे सगळे भाग सुटे केले. आंत त्याला हिरेमाणकें सांपडलीं नाहींत. पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड आणि रबर यांवाचून आंत कांहीं नव्हतें, आणि एवढ्या स्वस्त मालाला एवढा दाम पडतो हें पाहून आपल्याला राग आला, असें त्यानें पुढें सांगितलें. त्या रागांतून ‘क्वानोन’ नांवाचा नमुना आणि १९३६ सालीं कॅनन कंपनीचा पहिला कॅमेरा जन्मास आला. तिकडे सोव्हिएत युक्रेनमधील खार्कोव्ह येथें अनाथ मुलांच्या वसाहतींतील कारखान्यांत १९३४ पासून लायकाची हुबेहूब नक्कल निघूं लागली. योशिदाचा राग समजण्याजोगा आहे, पण त्याचें गणित अर्धेंच होतें. घड्याळही पितळेचेंच असतें. दाम पडतो तो पितळेचे दांते किती बिनचूक कापले यासाठीं. तें योशिदाच्या सोबत्यांस लवकरच कळलें, कारण भिंगासाठीं त्यांना निप्पोन कोगाकू या दुर्बिणी करणाऱ्या कारखान्याचें दार ठोठवावें लागलें.

लाइट्झच्या किंमतीला त्याच वर्षांत आणखी एक अर्थ आला, तो मात्र हृदयद्रावक आहे. १९३३ नंतर जर्मनींत ज्यूंचा छळ सुरू झाला तेव्हां धाकट्या लाइट्झनें आपल्या ज्यू नोकरांस व परिचितांस परदेशीं कामाला म्हणून पाठवून त्यांची सुटका केली. देश सोडणाऱ्यास पैसे नेण्याची बंदी होती. यांतील कांहींच्या गळ्यांत नवा लायका होता, तो अडचणींत विकतां येण्याजोगा, असें सांगतात. लाइट्झची कन्या एल्सी हिला १९४३ सालीं गेस्टापोच्या कोठडींत जावें लागलें. या सर्व गोष्टी बाहेर आल्या त्या बऱ्याच उशिरां. बाप-लेकींनीं त्यांचा गाजावाजा केला नाहीं.

लायकाचा सर्वांत विख्यात धनी म्हणजे आंरी कार्तिए-ब्रेसाँ. हा फ्रेंच तरुण चित्रकार व्हावयास निघालेला. आफ्रिकेंत दुखण्यानें मरतां मरतां वांचून तो परतला आणि १९३२ सालीं मार्सेय येथें त्याला लायका मिळाला. तो आपल्या डोळ्याचाच वाढलेला भाग झाला, असें तो म्हणे. त्यानें काय केलें? कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या फितीनें झांकले, बहुतेक काळ एकच पन्नास मिलिमीटरचें भिंग वापरलें, आणि दिव्याचा कृत्रिम झोत टाळला. महायुद्धांत जर्मनांच्या हातीं पडण्यापूर्वीं त्यानें तो कॅमेरा व्होझ प्रांतांत जमिनींत पुरला. तीन वर्षें कैद झाली. दोनदां पळतांना पकडला गेला, तिसऱ्यांदा निसटला, आणि १९४३ सालीं त्यानें आपला लायका उकरून काढला. सोनें पुरून ठेवणारे पुष्कळ असतात. पण सोनें उकरून कोणी दुसऱ्या दिवशीं कामाला लावीत नाहीं.

याच कॅमेऱ्याच्या वाटेनें ही हकीगत आपल्या देशांत येते. १९४७ सालीं कार्तिए-ब्रेसाँ हिंदुस्थानांत आला. १९४८ च्या जानेवारींत तो दिल्लीस होता आणि उपोषणाच्या दिवसांत बिर्ला भवनांत त्यानें महात्मा गांधींचीं छायाचित्रें घेतलीं. ३० जानेवारीस दुपारनंतर त्याची गांधीजींशीं भेट झाली. आपल्या चित्रांच्या प्रदर्शनाची न्यूयॉर्क येथें निघालेली पुस्तिका त्यानें त्यांना दाखविली. पानें उलटतां उलटतां गांधीजी एका चित्रापाशीं थांबले. पॉल क्लोदेल हा वृद्ध फ्रेंच कवि प्रेतवाहक गाडीकडे पाहतो आहे, असें तें चित्र. त्याचा अर्थ त्यांनीं विचारला, आणि मृत्यु, मृत्यु, मृत्यु, असे उद्गार काढले, असें कार्तिए-ब्रेसाँनें पुढें सांगितलें. तो निघाला, आणि थोड्याच वेळांत प्रार्थनेस जातांना गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्या रात्रीं बिर्ला भवनाच्या फाटकावर उभे राहून पंडित नेहरूंनीं जमलेल्या लोकांस ती वार्ता सांगितली. त्या क्षणाचें कार्तिए-ब्रेसाँचें चित्र प्रसिद्ध आहे. अंधार, एका दिव्याचा उजेड, आणि त्यांत शोकानें हादरलेला एक चेहरा. चित्र धूसर आहे. मोठ्या कॅमेऱ्याच्या रेखीवपणाची अपेक्षा ठेवून पाहणारास तें सदोषही वाटेल. पण तेथें तिपाई रोंवावयास आणि दिवे लावावयास अवसर नव्हता, आणि असता तरी तसें करणें कोणास शोभलें नसतें.

शोभण्याचा प्रश्न निघालाच आहे तर एक गोष्ट टाळतां येत नाहीं. जो कॅमेरा दिसत नाहीं आणि ऐकूं येत नाहीं, त्याच्यापुढें सांपडलेल्या माणसाची संमति कोण विचारतो? तिपाईच्या काळांत निदान समोरच्याला कळे तरी; मान ताठ करून बसणें किंवा उठून जाणें त्याच्या हातीं असे. लायकानें तें स्वातंत्र्य नाहींसें केलें. गंमत अशी कीं आयुष्यभर अनोळखी लोकांचे चेहरे टिपणाऱ्या कार्तिए-ब्रेसाँला स्वतःचें छायाचित्र कोणी घेतलेलें मुळींच खपत नसे. जें हत्यार आपण दुसऱ्यावर धरलें त्याची धार त्याच्याइतकी कोणास ठाऊक असणार?

बार्नाक १९३६ च्या जानेवारींत वारला. त्यानें आंखलेल्या वाटेनें पुढें पुष्कळ लहान आणि भारी कॅमेरे आले: कांहीं फिल्मचे, कांहीं फिल्मवांचून चालणारे. त्यांच्या धन्यांची जातही दोन प्रकारची राहिली. एक जण रोज खिशांत घालून कडा झिजवितो. दुसरा मऊ कापडांत गुंडाळून कपाटांत ठेवतो आणि सणासुदीस काढून पुसतो. १९२३ च्या त्या हातकामाच्या नमुन्यांपैकीं १०५ क्रमांकाचा नमुना बार्नाकचा स्वतःचा होता. त्याच्या खिडकीच्या माथ्यावर त्याचें नांव कोरलेलें आहे, आणि वर्षानुवर्षें तो त्यानें वापरला. २०२२ च्या जून महिन्यांत वेट्झलार येथेंच त्याचा लिलाव झाला आणि त्याला सर्व आकार धरून एक कोटि चव्वेचाळीस लाख युरो आले. त्या दिवसापर्यंत कोणत्याही कॅमेऱ्याला एवढी रक्कम पडली नव्हती. इतक्या किंमतीची वस्तु कोणी खिशांत घालून नदीचा पूर पाहावयास जाणार नाहीं, हें उघड आहे.

आयझेनमार्क्ट चौकांतील तीं जुनीं घरें मात्र अद्याप उभीं आहेत. बार्नाकने जेथें उभें राहून १९१४ सालीं चित्र घेतलें ती जागा फरसबंदींत खूण बसवून दाखविलेली आहे. येणारे-जाणारे त्या खुणेवर उभे राहतात, खिशांतला फोन काढतात, तींच घरें त्याच कोनांतून टिपतात आणि पुढच्या गल्लींत निघून जातात.